मानेकाकांचा सोलो

हे लिहू की नको, यात दोन महिने गेले. असले अनुभव मी आजवर चहाबरोबर टाइमपास म्हणून वाचत आले... घरात देवपूजा होते, पण 'तसलं' काही कधी मानलं नाही. आता मानते का? ते विचारू नका.

मी कोपरखैरण्यात राहते, व्हायोलिन शिकवते – वेस्टर्न. रविवारी सकाळी सोसायटीच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये माझ्या पंधरा मुलांचा स्ट्रिंग ऑर्केस्ट्रा बसतो. यंदाच्या प्रोग्रामसाठी मी हंगेरियन ढंगाचं एक कॉन्चर्टिनो घेतलं होतं. विद्यार्थ्यांसाठीच लिहिलेली छोटी रचना – एक व्हायोलिन पुढे, बाकी सगळे साथीला. आधी संथ, जीव कासावीस करणारं. मग एकदम घोडा उधळावा तसं.

सोलो रेवाला दिला होता, वय तेरा. पण तेच कॉन्चर्टिनो मंगळवारी माझ्या घरी आणखी एक विद्यार्थी शिकत होते – मानेकाका. मूळ साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले. साठीत पहिल्यांदा गज हातात धरला. बोटं जाड, जरा थरथरणारी. संथ भागात एका सुरावर हमखास छोटीशी मुरकी घ्यायचे.

"काका, हे कागदावर नाहीये."

"व्हय मॅडम, पण हात आपसूक जातो," म्हणून हसायचे.

एका मंगळवारी निघताना ते दारात थांबले. "मॅडम, एक डाव मुलांबरोबर वाजवू द्या की. प्रोग्रामात नको... नुसतं प्रॅक्टिसला. मागं सगळी वाजवत असताना कसं वाटतं, तेवढंच बघायचंय."

मी म्हटलं, "आत्ता नको काका, मुलांचं टायमिंग बिघडेल. प्रोग्राम झाला की बघू."

खरं सांगते – मला संकोच वाटला होता. पालक न्यायला येतात, काय म्हणतील...

"बरं," म्हणाले आणि गेले.

तीन आठवड्यांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. हार्ट अटॅकने काका गेले.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारची गोष्ट. रेवाला ताप होता, म्हणून नुसती साथच वाजवून घेत होते. संथ भागात एका ठिकाणी सगळे थांबतात आणि सोलो एकटाच वाजतो, मनाला येईल तितका वेळ. मुलांना सांगितलं होतं, तिथे थांबा, मी हाताने खूण केली की उचला.

मुलं थांबली. हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज. मी पान उलटत होते... हात वर केलाच नव्हता, आणि चौदाच्या चौदा गज एकदम तारांवर आले. इतकी नेमकी सुरुवात त्यांनी कधीच केली नव्हती.

"थांबा, थांबा! खूण कोणी केली?"

चेलोवाली सानिका गोंधळली. "मॅम, सोलो संपला ना."

"कुठला सोलो?"

"आत्ता वाजला तो... रेवापेक्षा खूप स्लो होता."

मस्करी वाटली. मी रागावले. तेव्हा सगळ्यात लहान ओम रडवेला झाला आणि ऐकलेलं गुणगुणून दाखवायला लागला. काकांच्या त्याच सुरावर त्याने तीच मुरकी घेतली. रेवा ती घेत नाही, मी घेत नाही, छापील कागदावर नाही. आणि काकांचं वाजवणं मुलांनी कधीच ऐकलेलं नव्हतं.

प्रॅक्टिस तिथेच थांबवली. शेजारची खोली उघडून पाहिली – खुर्च्यांची चळत, बाकी काही नाही.

चौदाही जणांनी ऐकलं. मला मात्र एक सूरसुद्धा ऐकू आला नाही. ते अजून लागतं.

संध्याकाळी काकूंना भेटायला गेले. हॉलमधलं सांगायचं धाडस झालं नाही. एवढंच म्हणाले, "काकांना मुलांबरोबर वाजवायचं होतं. मी नको म्हटलं... चुकलंच माझं."

काकूंनी पाणी पुढे केलं. आवाजात तक्रार नव्हती. "दर रविवारी अंघोळ करून, इस्त्रीचं शर्ट घालून तुमच्याकडंच यायचे की. हॉलच्या खाली बाकड्यावर बसून ऐकायचे. पोरं लई ग्वाड वाजवत्यात म्हणायचे. तुमाला म्हाईत न्हवतं?"

नव्हतं.

मुलांनी त्या दिवशी काय ऐकलं, ते मला अजून उलगडलेलं नाही, आणि उलगडेल असं वाटत नाही. हॉलला तीन खिडक्या आहेत. त्यातल्या एकीतूनही मी कधी खाली पाहिलं नव्हतं.