ढोलकी : बुधाजी धोंडू तांबे

त्या दिवशी सकाळी बुधाजी खुर्चीत बसून नव्या रेकॉर्डचं प्लास्टिक नखानं कुरतडत होते. त्यांच्या मुलानं, राजरत्ननं बघितलं, तो ओरडलाच.

“आबा, काय करताय! असल्या तीनशेच काढल्यात. सील तुटलं की कोण विचारत नाय.”

“मग मी काय, नुसता वास घेऊ हिचा?”

“मोबाईलवर हायत ना सगळी गाणी. लावू?”

“मोबाईलवर माझं नाव दाखव. मग लाव.”

बुधाजींच्या पत्नी राधाबाई चहा गाळता गाळता हसल्या.

नावाचं खरंच होतं. गिरणी चालू होती तेव्हा बुधाजी पाळी संपवून परळच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. जयंतीचा कार्यक्रम कोणीतरी टेप केला, कॅसेटी निघाल्या. कॅसेटीवर नाव गाणाऱ्याचं, बाकी सगळे ‘आणि पार्टी’. मग गिरणी बंद, बुधाजी वॉचमन, ढोलकी माळ्यावर. आणि आता म्हातारपणी दोन कॉलेजची पोरं ती टेप शोधत आली, तिची ही मोठी काळी रेकॉर्ड काढली आणि मागे एकूण एकाचं नाव छापलं. राधाबाईंना वाचता येत नाही, पण बुधाजींच्या नावावर त्या बोट बरोबर ठेवायच्या.

वाजवायला घरात मशीन नव्हतं. पार्टीतला कोरसवाला गंगाधर माहीमच्या भाच्याकडून रविवारी आणणार होता. राजरत्ननं रेकॉर्ड काढून घेतली, कपाटावर ठेवली. त्या घरात टीव्हीच्या रिमोटचंपण प्लास्टिक अजून काढलेलं नाही.

“रविवारी बघू, आबा.”

दुपारी बुधाजी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

पुण्यानुमोदनाला वंदना झाली, पंगत बसली. गंगाधर मशीन घेऊन आला.

“नको काका,” राजरत्न म्हणाला. “आबांची आठवण हाय. राहू दे तशीच.”

राधाबाईंनी रेकॉर्ड खाली घेतली, विळीच्या पात्याला कड लावली आणि प्लास्टिक चरकन फाडलं.

गाणी लागली. पंगत जेवायची थांबली. गंगाधर मध्येच “हा मी, हा मी” करत होता, तर कोणीतरी म्हणालं, “गप रे, बुधाजीला ऐकू दे.” मग आवाज संपला, नुसतं खर्र खर्र. संपलं म्हणून माणसं उठायला लागली, चपला शोधायला लागली.

“बसा रे,” गंगाधर म्हणाला, “अर्धीच झालीय. पलटायची असते.”

वाढप सोडून राजरत्नच पुढे झाला.

“हात धू आधी,” राधाबाई म्हणाल्या. “तेलकट झालेत.”