आत्याचं हसू

आमच्या आत्याचं तोंड टीव्हीवर वीसएक वर्षं हसत होतं. दोन कार्यक्रमांच्या मधे येऊन "आता पाहूया" म्हणायची आणि हसायची. पुढं गाण्यांचा कार्यक्रम असो नाहीतर जंतांच्या औषधाची माहिती. वरून कडक साडी आणि पायात झिजलेल्या स्लिपरा. कॅमेरा काही टेबलाखाली डोकावत नाही, मग चांगली चप्पल कशाला झिजवा, असं तिचं म्हणणं.

वाक्य संपलं तरी कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझेपर्यंत हसू धरून ठेवायचं, ही त्या नोकरीची शिस्त. दिवेवाला विसरला की आत्या आपली हसतेय ती हसतेयच. मग घरी येऊन गाल चोळत बसायची. आतोबा, म्हणजे तिचा नवरा, बसगाड्या दुरुस्त करायचे. त्यांना बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून रोज सकाळी ती त्यांना पेपर वाचून दाखवायची. तेही कोरड्या तोंडानं.

"सगळ्या जगाला हसू, आणि मला काय, तर गॅस संपला," आतोबा कुरकुरायचे.

"जगाला हसायचा पगार मिळतो," आत्या म्हणायची.

पुढं कार्यक्रमांच्या मधे माणूस बसवायची पद्धतच मोडली आणि आत्या घरी आली. रडारड नाही, काही नाही. "तोंड नको असेल त्यांना, गळा कुठं गेलाय?" म्हणाली, आणि माहितीपट काढणाऱ्या एका दिग्दर्शकाला स्वतःच फोन लावला. त्यानं चाचणीला बोलावलं. जमलं तर वर्षभराचं काम हिला, नाही जमलं तर दुसऱ्या बाईला. ती दुसरी बाई बाहेर बाकावर गरम पाणी पीत तयारच होती.

माहितीपट कोळशाच्या खाणीवरचा. खाण खचते, माणसं आत अडकतात. आत्या काचेच्या खोलीत बसली, कानांवर हेडफोन चढवले आणि खणखणीत वाचून मोकळी झाली.

काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "बाई, माणसं गाडली गेलीत आणि तुम्ही हसताय."

"मी? कुठं?"

त्यानं ऐकवलं. खरंच की. वाक्य संपत आलं की ओठ ताणले जायचे आणि आवाज गोड व्हायचा. जणू पुढचा कार्यक्रम गाण्यांचाच. तिनं पुन्हा वाचलं. पुन्हा तेच. काचेतून माणसं बघत होती, आणि कुणी बघायला लागलं की तिचे गाल आपोआप वर. दिग्दर्शक बाहेरच्या बाकाकडे बघायला लागला.

"शेवटचं एकदा वाचते," आत्या म्हणाली. "पण आमच्या ह्यांना माझ्यासमोर बसवा."

"नवरा कशाला?"

"यांच्याकडे बघून मला कधी हसू आलेलं नाही."

आतोबा बाहेर जेवणाचा डबा धरून बसले होते. वाजू नयेत म्हणून त्यांचे बूट काढून घेतले, खोकायचं नाही असा दम दिला आणि आत्यासमोर खुर्चीत बसवलं. त्यांनी सवयीनं मान तिरकी केली, पेपर ऐकताना करायचे तशी. आत्यानं काचेकडे पाठ फिरवली आणि सुरू केलं. आवाज थेट स्वयंपाकघरातला. साधा, कोरडा, झालं ते सांगणारा. रेकॉर्डिंगवाल्यानं थांबवायच्या बटणावरचं बोट काढून घेतलं.

दुसऱ्या पानावर आतोबांना राहवलं नाही. "मग निघाले का बाहेर?"

"वाचू तर द्या," आत्या कागदावरची नजर न काढता म्हणाली, आणि तशीच पुढं वाचत गेली.

तेवढं कापलं, बाकी सगळं ठेवलं. बाकावरच्या बाईनं बाटलीचं झाकण लावलं आणि ती घरी गेली.

तेव्हापासून त्या खोलीत आतोबांची खुर्ची कायमची. पूर, भूकंप, वणवा, सगळं त्यांनी पायांत नुसते मोजे घालून ऐकलंय. परवा टूथपेस्टची जाहिरात आली. आतोबांनी दाराशी बूट काढले तर आत्यानं हात आडवा धरला.

"यात हसायचंय. तुम्ही बाहेरच बसा."