खिळ्यावर राहिलेल्या बांगड्या

कितीतरी गुन्हे विसरलो, ही केस मात्र सगळी आठवते. मी मूळचा कोकणातला. आठवीत शाळा सुटली, शिपाई म्हणून भरती झालो आणि निवृत्त होताना खांद्यावर दोन तारे होते. परक्या मुलखातल्या माणसाला नाशिकनं सांभाळलं, याचे उपकार आहेत. पण जबाब लिहिताना शेवटपर्यंत धाकधूक व्हायची. आपला एक शब्द चुकला तर कोणाचंतरी वाटोळं होईल, असं वाटायचं.

सरकारी रुग्णालयातून ठाण्यात एमएलसी, म्हणजे जखमीची पोलिसांना द्यायची खबर, आली होती. घरी कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये हात जाऊन एका बाईची उजव्या हाताची तीन बोटं तुटली होती. रुग्णालयातल्या हवालदारानं जबाब घेतला होता. कोणाविरुद्ध तक्रार नाही. कागद दप्तरी जायचाच बाकी होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यात फोन वाजला. मीच उचलला.

“साहेब, त्या बाईची बोटं कुट्टीत नाय कापली. मासळीच्या कारखान्यात कापली. तिच्या जागी आज माझ्या सुनेला उभं केलंय.”

“बाई, नाव सांगा.”

“नाव कशाला? सुनेचा हात वाचवा.” फोन बंद.

समुद्र इथून लांब असला तरी औद्योगिक वसाहतीत तो कारखाना होता. किनाऱ्यावरून बर्फ झालेली मासळी गाडीनं यायची. तिच्या लाद्या विजेच्या करवतीवर कापून हॉटेलांसाठी पाकिटं भरायची. ठेकेदार आसपासच्या गावांतल्या बायका पिकअपनं आणायचा.

कारखान्याकडे निघालो, वाटेत रुग्णालयात गेलो. बाई डोळे मिटून पडली होती. माहेरच्या गावावरून सगळे तिला नामपूरवाली म्हणत. उशाशी सासू बसली होती. सासूचे दोन्ही हात बांगड्यांनी भरलेले, सुनेचा धड असलेला डावा हात मोकळा. मनगटावर बांगड्यांचा फिकट पट्टा तेवढा दिसत होता.

“हिच्या बांगड्या कुठायत, आजी?”

“डाक्टरनं काढल्या आसतील.”

नर्स म्हणाली, “आम्ही कशाला काढू? ती आली तेव्हाच दोन्ही हात मोकळे होते.”

माझी आई कोळंबी सोलायला शेडवर जायची. काच मालात पडू नये म्हणून तिथं बांगड्या काढायला लावत. ती घरी आली की आधी बांगड्या चढवायची, मग पाणी प्यायची. नवरा जिवंत असलेली बाई घरी कुट्टी करायला बांगड्या काढत नाही.

कारखान्यात पोचलो तेव्हा सुटी व्हायला थोडाच वेळ होता. करवतीपाशी एक तरुण बाई उभी होती, फोनवालीची सून हीच असणार. पात्यावर लोखंडी जाळी बसवलेली. सुपरवायझर म्हणाला, “बघा साहेब, सेफ्टी फुल आहे. आमच्याकडे काही झालंच नाही.” मोठी लादी जाळीखालून जात नाही, हे दिसतच होतं. मी पाठ फिरवली की जाळी निघणार. पण निनावी फोनवर मशीन थांबवता येत नव्हती.

मी बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो. दारातूनच गडावरच्या देवीचा फोटो दिसत होता. फोटोखाली खिळ्यांची रांग, प्रत्येकीचा खिळा ठरलेला. भोंगा झाला. बायका आल्या, आपापल्या बांगड्या चढवल्या आणि निघाल्या. एका खिळ्यावरच्या हिरव्या बांगड्या तशाच राहिल्या.

रक्त धुतलं होतं, जाळी बसवली होती. पण बांगड्यांकडे पुरुषांचं लक्ष गेलं नाही, आणि दुसरीच्या बांगड्यांना बायका हात लावत नाहीत.

“असतील कोणाच्या जुन्या,” सुपरवायझर म्हणाला.

मागून एक बाई फणकारली, “जुन्या? परवा गडावर मी सोबत होते, कासारानं माझ्यासमोर भरल्या नामपूरवालीला. तोंड हाय म्हणून काय बी बोलतो का रे?”

पंच बोलावून पंचनामा केला, करवत सील केली आणि कारखाना निरीक्षकांना कळवलं. ठेकेदार नामपूरवालीचा चुलत दीर निघाला. ठाण्यात त्यानं आधी आवाज चढवला, “घरचा मामला आहे साहेब.” मी फक्त बांगड्या टेबलावर ठेवल्या. तो खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, “वहिनीला मीच सांगितलं, खरं बोललीस तर उद्यापासून पिकअप गावात येणार नाही, सगळ्या बायकांचा रोज बुडेल.”

रात्र व्हायच्या आत पुरवणी जबाबासाठी पुन्हा तिच्याकडे गेलो. ठेकेदारानं कबूल केलंय, हे सांगितलं. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. तिनं विचारलं, “तठे आत्ते कोन उभी शे?”

“तिथं आता कोणी उभं नाही. करवत बंद केली. जाळी पक्की बसल्याशिवाय चालू होणार नाही.”

“मंग लिहा.”

यंत्र हयगयीनं चालवून दुखापत केल्याचा गुन्हा दाखल झाला. कारखाना काही काळ बंद राहिला, तेव्हा गावातल्या बायका तिला दारात येऊन टोचून बोलून गेल्या. त्यांचा रोज बुडाला होता, त्यांचंही चूक म्हणवत नाही. मोठी लादीही खालून जाईल अशी पक्की जाळी बसली आणि पिकअप परत सुरू झाला. सील काढताना मी हजर होतो. करवतीवर फोनवालीची तीच सून आली. मला ओळखलं नाही तिनं. दोन्ही हात जाळीच्या अलीकडे ठेवून तिनं लादी पुढे सरकवली.

खोटा जबाब देणारा स्वतःला वाचवत असतो, असं आम्हाला शिकवलेलं. या बाईची बोटं तर गेलेलीच होती. त्यानंतर कोणी खोटं बोलतंय असं वाटलं की मी आवाज चढवायच्या आधी विचार करायचो, हा माणूस नेमकं कोणाला वाचवतोय?