हात काढा, अण्णा

माझ्या मनगटावर दोन बोटांनी टकटक करायची अक्कांची सवय होती, दार वाजवावं तशी. आणि पाठोपाठ हळू आवाजात, "हात काढा, अण्णा."

हुबळीच्या एका दवाखान्यात, कॅज्युअल्टीत, मी ड्रेसर आहे, जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा. बावीस वर्षं झाली. तुम्ही कधी लेकराला घेऊन अशा जागी धावत गेला असाल, तर माझ्यासारखा एखादा पाहिला असेल. टाके घालताना पोर हललं की डॉक्टर म्हणायचे, "अण्णांना बोलवा." मी पोराला चादरीत गुंडाळून, खांदे दाबून असं धरायचो की पापणी हलेल तेवढीच. ओरडून ओरडून ते गप्प व्हायचं. मला वाटायचं, शांत झालं. गर्वही होता मला त्याचा.

मग अळणावरकडच्या या सिस्टर आल्या. सगळे त्यांना अक्काच म्हणायचे. जखमेवर आधी बधिर करणारं मलम, मग अर्धा तास थांबायचं आणि पोर आईच्या मांडीवर, हा त्यांचा हट्ट. "काही दुखत नाही" असं खोटं त्या कधी बोलल्या नाहीत. "दुखणार, बाळा. स्वल्पच. पण तुला आधी सांगून," म्हणायच्या.

लेकीला घेऊन आलेले दाजीबानपेठेतले एक कापडवाले एकदा खवळले. "टाके घाला की लवकर! दुकान उघडं टाकून आलोय, अन् तुम्ही मलम लावून बसलाय!"

अक्कांनी त्यांच्या हातात रबरी हातमोजा दिला. "पोरीसाठी कोंबडा करायचाय. फुगवा."

तोंडात हातमोजा असला की माणसाला ओरडता येत नाही. पाच बोटांचा तुरा उभा राहिला तशी पोरगी खुदकन हसली. पुढे टाके कधी पडले, ते शेटजींनाही कळलं नाही. मी मात्र मनात म्हणत होतो, पाच मिनिटांच्या कामाला एवढं सोंग कशाला!

एकदा दवाखान्याचे पडदे घ्यायला अक्का आणि मी धारवाडला सुभाष रोडवर गेलो होतो. दुकानात एका बाईनं मला ओळखलं. सात वर्षांच्या लेकीला पुढे ढकलत म्हणाली, "पाया पड गं. ह्यांनीच तुझा हात बरा केला." दोन वर्षांपूर्वी टाके घालताना मी त्या पोरीला धरलं होतं. मला बघून ती पांढरीफटक पडली. रडली नाही, ओरडली नाही. फक्त तिच्या पायाखालची फरशी ओली झाली.

 परतताना बसमध्ये अक्कांना विचारलं, "एवढं दुखलं असेल का हो तिला?"

"दुखलेलं विसरली असेल, अण्णा," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तुमचे हात विसरली नाही."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आजवर अशी किती पोरं धरली, ते आठवायचंही धाडस झालं नाही.

त्यानंतर मी शिकलो. पण हातांना जुनं वळण. पोर दचकलं की ते आपोआप पुढे जायचे, आणि मनगटावर टकटक व्हायची.

मागल्या वर्षी अक्का निवृत्त होऊन गावी गेल्या. चार महिन्यांत त्या वारल्याची बातमी आली.

गेल्या महिन्यात माझी नात उंबऱ्यावर पडली. हनुवटी फुटली. सून तिला घेऊन आमच्याच कॅज्युअल्टीत आली. मलम मी लावलं. अर्धा तास थांबलो, हातमोज्याचा कोंबडा केला, "दुखेल, पण सांगून" म्हटलं. सगळं अक्कांसारखं. डॉक्टरांची सुई जवळ आली, नात आईच्या मांडीवर दचकली, आणि पुढचं मला कळलंच नाही.

"मामंजी!" सून किंचाळली तेव्हा मी पाहिलं. माझे दोन्ही हात नातीच्या खांद्यांवर दाबलेले होते. आणि ती गप्प झाली होती.

काढले मी हात. लगेच काढले. पण टकटक करायला कोणी नव्हतं.

नात अजूनही माझ्याच हातून जेवते. फक्त घास घेण्याआधी एकदा हाताकडे बघते.