कळंबच्या वहीतलं पाहुण्यांचं पान

या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना आधीच सांगते, या वेळी किल्ला नाही, धबधबा नाही. मिसळ आहे, पण ती मी अर्धी टाकून उठले. मी मिसळ टाकली म्हणजे प्रकरण काय असेल ते समजून घ्या.

माझी नोकरी पुण्यात, खुर्चीतली. लहान मुलांच्या लसीकरणाची ऑनलाइन यादी आमच्याकडे येते. कुणाला कुठली लस मिळाली, कुणाची राहिली ते बघायचं, आणि एकच बाळ दोनदा नोंदवलं गेलं असेल तर त्यातली एक नोंद काढून टाकायची. मला पसारा खपत नाही. घरात डबेसुद्धा मी उंचीप्रमाणे लावते. त्यामुळे दुहेरी नोंदी खोडायचं काम मी इतक्या झपाट्यानं केलं होतं, की साहेबांनी मीटिंगमध्ये नाव घेऊन कौतुक केलं. यादी कशी स्वच्छ झाली होती!

शुक्रवारी दुपारी एक कागद टेबलावर आला. ताप आणि अंगावर पुरळ असलेलं मूल गावात कुठंही दिसलं की वर कळवावं लागतं, कारण तो गोवर असू शकतो. कागदावर लिहिलं होतं : गाव कळंब, तालुका इंदापूर, मुलगी, वय अकरा महिने, आईचं नाव शबाना. लस घेतली का, या रकान्यात ‘माहीत नाही’. मी यादीत शोधलं. शबानाची मुलगी सापडली, पण ती बारामतीजवळच्या माळेगाव बुद्रुकला होती आणि तिच्या सगळ्या लसी वेळेवर झालेल्या होत्या. मग हीच मुलगी कळंबला कशी? मी काढून टाकलेल्या नोंदी उघडल्या. शबानाच्या नावावर आधी दोन नोंदी होत्या. दोन्हींत ‘बाळ, मुलगी’, दोन्हींची जन्मतारीख एकच, जन्माच्या वेळेत नऊ मिनिटांचा फरक. त्यातली दुसरी मी खोडली होती. जुळ्या होत्या हो त्या!

यादीत नाव नाही म्हणजे लसीसाठी निरोप नाही. आणि आता तीच पोर तापानं फणफणलेली. एवढ्याशा बाळाला गोवर झाला तर तो कुठल्या थराला जाऊ शकतो, हे रोज वाचायचं माझं काम आहे, त्यामुळे मनाची समजूत घालायलाही जागा नव्हती.

फोन केले. कळंबच्या आशा सेविकेचा लागेना, उपकेंद्राच्या सिस्टर रजेवर. शेवटी शबानाचा नंबर लावला. ती म्हणाली, “मुस्कान आईकडं असती, कळंबला. सुई दिलीया म्हणती आई, पण कुठली ते तिला सांगता यीना. कार्ड बी तिकडंच हाय. मी उद्या निघालीया. तुमी येताय का?”

साहेब म्हणाले, सोमवारी तालुक्याला पत्र पाठवू. सोमवारपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरला नसता. मी पिशवी भरली.

शनिवारी सकाळी स्वारगेटहून बारामतीची विनाथांबा एसटी पकडली. जाणाऱ्यांसाठी : गाड्या भरपूर आहेत, बायकांना अर्धं तिकीट, आणि हिवाळ्यात डाव्या खिडकीशी बसू नका, काच हमखास लागत नाही. हडपसर, यवत, चौफुला, पाटस. एरवी चौफुल्याला माझी मान आपोआप हॉटेलांकडे वळते. त्या दिवशी मी सगळा वेळ मोबाइलवर ती खोडलेली नोंद बघत होते. पाटसनंतर उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन, मोळ्यांनी इतक्या लादलेल्या की ओव्हरटेक करताना आमचा ड्रायव्हर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा. गाळपाच्या दिवसांत या बाजूला येणार असाल तर अर्धा तास जास्तीचा धराच.

बारामतीच्या स्टँडबाहेर मिसळ मागवली. तर्री चांगली लाल, फरसाण कुरकुरीत, आणि मला तिची चवच लागेना. मालकानं काळजीनं विचारलं, “तिकाट झाली का, ताई?” मी नाही म्हटलं आणि माळेगावची रिक्षा धरली.

माळेगाव बुद्रुक जवळ आलं की आधी वास येतो, साखर कारखान्याच्या मळीचा, गोडसर आणि आंबूस. गावातल्यांना तो येत नाही म्हणे. कारखान्याच्या रस्त्याला शबानाच्या नवऱ्याचं टायर-पंक्चरचं दुकान आहे आणि हंगामात त्याला मान वर करायला फुरसत नसते. तो ट्रॉलीखालूनच म्हणाला, “घर मागं हाय मॅडम. ती कवाधरनं तयार हाय.”

शबाना असेल चोवीस-पंचवीसची. कडेवर जोया, म्हणजे माझ्या यादीत शिल्लक राहिलेली. गुबगुबीत, हातात भाकरीचा तुकडा. तिला सासूकडं सोपवून आम्ही निघालो. बारामतीला परत येऊन वालचंदनगरची एसटी मिळाली. रस्ता झकास आहे. भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन (हे गावाचंच नाव), दोन्ही बाजूंना ऊस आणि मधे डाळिंबाच्या बागा. मी एरवी यावर एक अख्खा परिच्छेद लिहिला असता.

शबाना खिडकीबाहेर बघत बोलत होती. “पयलं बाळंतपण म्हंजी म्हायेरीच. पाच म्हैने ऱ्हायले. सासरी यायच्या टायमाला आई म्हणली, दोन-दोन एकटीला झेपायच्या न्हाईत, एक ठिव हितं. जोया अंगावर पीत होती, म्हणून तिला आणली. मुस्कानला ठिवली. लोक म्हणत्यात, कशी ठिवली गं? आता ताप आला तवापास्नं मीबी तेच म्हणतीया.”

मी म्हटलं, “आजीकडं तर आहे.”

“व्हय.” मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, “मॅडम, दवाखान्यातनं फोन आलता. तुमच्या यादीत तिचं नावच न्हाय म्हणले. का ओ?”

आता तरी सांगायचं होतं. मी म्हटलं, “बघू, तिथं गेल्यावर कळेल.” खोटं नव्हतं ते, पण लबाडी होती. मला स्वतःची लाज वाटली आणि तरीही तोंड उघडलं नाही. शबानानं पिशवीतनं शेंगदाण्याचा लाडू काढून मला दिला. तो लाडू गिळणं हे त्या प्रवासातलं सगळ्यात अवघड काम होतं.

वालचंदनगरहून कळंबला जीप मिळते. ती भरेपर्यंत सुटत नाही, म्हणून घाई असेल तर सरळ रिक्षा करा. आम्ही रिक्षाच केली. शबानाच्या आईचं घर गावाच्या कडेला, दारात शेळ्या, बाजूला वडिलांचं किराणा दुकान. शबाना रिक्षा थांबायच्या आधीच उतरली.

ओट्यावर मुस्कानची नानी बसली होती, आणि मांडीवर मुस्कान. मी जिला नऊ मिनिटांचा फरक समजत होते ती. जोयापेक्षा थोडी बारीक, पोटावर आणि पाठीवर गुलाबी पुरळ, पण डोळे स्वच्छ. आईला बघून ती ओळखीचं हसली नाही. नानीच्या पदरात तोंड लपवलं. शबानाचा चेहरा पडला, पण तिनं आधी कपाळाला हात लावला. “ताप न्हाय गं, आई!”

“काल सकाळीच उतरला की. तीन दिस नुसती भट्टी व्हती. ताप गेला आन मग हे फोड आलं.”

मी डॉक्टर नाही, पण गोवरात ताप चढलेला असतानाच पुरळ येतं, एवढं वाचून माहीत होतं. खांद्यावरचं ओझं थोडं हललं. उतरलं नाही. मी विचारलं, “कार्ड?”

नानीनं पत्र्याच्या पेटीतनं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दोन कार्डं काढली. दोन्ही सारखीच, दोन्हींवर ‘बाळ’. “जोयाचं नवं केलं तिकडं. ही जुनी. ह्यातलं मुस्कानचं कंचं ते सुनंदाला ठावं.” एका कार्डावर सगळ्या लसी होत्या. दुसरं पाचव्या महिन्यानंतर कोरं. जोया पाचव्या महिन्यात माळेगावला गेली म्हणजे कोरं तिचं असायला हवं. हवं! पण मी याआधी एकदा असाच हिशेब जुळवून पोर खोडली होती. आता माझ्या हिशेबावर माझाच विश्वास उरला नव्हता.

तेवढ्यात सुनंदाताई आल्या. या कळंबच्या आशाताई, म्हणजे गावात घरोघर फिरून गरोदर बायका आणि लहान मुलांची खबर ठेवणाऱ्या. पन्नाशीच्या, पायात स्पोर्ट्स बूट, पिशवीतनं वही डोकावत होती. “काल फोन पान्यात पडला,” त्या म्हणाल्या. “तुमी पुण्याच्या व्हय? ह्या पोरीसाठी?”

मी एका दमात विचारलं, “गोवराची लस झालीये का हिची?”

त्यांनी वही काढली आणि शेवटचं पान उघडलं. वर ठळक अक्षरात ‘पाहुणे’ लिहिलं होतं. खाली माहेरी आलेल्या गावच्या लेकींची बाळं, एकाखाली एक. सातव्या ओळीत : ‘शबानाची दुसरी, मुस्कान, कानामागं तीळ. नानीकडं.’ पुढं प्रत्येक लसीची तारीख. शेवटची गोवर-रुबेला, नववा महिना संपल्यावर, दीड महिन्यापूर्वी. त्या तारखा आणि भरलेल्या कार्डावरच्या तारखा तंतोतंत जुळत होत्या. सुनंदाताईंनी मुस्कानचा उजवा कान वळवून दाखवला. तीळ होता.

मी तिथंच ओट्यावर बसले. डोळ्यांत पाणी आलं ते पुसायचंही सुचेना. नानीनं मुस्कान सोडून माझ्याच पाठीवरून हात फिरवला.

“तुमच्या मशीनीत भरायला गेले की नंबर बंद हाय म्हणायचं,” सुनंदाताई सांगत होत्या. “सिस्टरनं तीनदा भरून बघितलं. मग म्हणलं मरू दे, पोरीला सुई तर मिळालीया. लस काय मशीनीला द्यायची हाय?”

ही पाहुण्यांची भानगड कशी सुचली, ते मी विचारलं. त्यांचं माहेर जवळच्या शेळगावचं. त्यांचा पहिला मुलगा तिथं जन्मला, आणि माहेरच्यांना वाटलं त्याच्या लसी सासरी होतील, सासरच्यांना वाटलं माहेरी झाल्या असतील. त्याला गोवर झाला. वाचला, पण महिनाभर त्याचा जीव वरखाली होत होता. “तवापास्नं ठरवलं. हितली आसो नसो, गावात हाय ती माझी.”

हे ऐकल्यावर गप्प बसणं शक्यच नव्हतं. मी सांगून टाकलं. दोन नोंदी होत्या, एकीला मी दुहेरी समजले, खोडली, नंबर त्यामुळेच बंद झाला. चूक माझी. पोर सुखरूप आहे हे कळल्यावर माफी मागायला धैर्य लागत नाही, हेही मला तेव्हा कळत होतं. शबानाकडं बघून म्हटलं, “एसटीतच सांगायला हवं होतं. घाबरले.”

शबाना माझ्याकडं बघत राहिली. “आन सुनंदाताई नसत्या तर?”

मी मान खाली घातली.

नानी मात्र खोखो हसायला लागली. “खोडली? आगं बया! माझ्या मांडीवर बसून दिसभर किंचाळती, आन ह्यांना दिसली न्हाय!” मग शबानाही हसली, थोडी उशिरा. पण राग पुरता गेला नव्हता आणि जायला नको होता.

त्यानंतर मला जी भूक लागली ती काय सांगू. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, ओल्या मिरचीचा खर्डा. तीन भाकऱ्या खाल्ल्या, चौथीला लाजले. दुपारी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी बाळाला तपासलं, ताप उतरल्यावर उठणारं साधं पुरळ दिसतंय म्हणाले, तरी नियमाप्रमाणे रक्ताचा नमुना आधीच गेला होता आणि निकालाची वाट बघायची होती. मुक्काम बारामतीत, स्टँडजवळच्या लॉजवर. खोली साधी, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच.

रविवारी पुन्हा कळंबला गेले. असं मूल सापडलं की आजूबाजूच्या घरांत आणखी कुणाला ताप-पुरळ आहे का ते बघतात. सुनंदाताईंच्या मागे मी दारोदार हिंडले. त्या बाहेरूनच हाक मारायच्या, “तात्या, घरात कुणी फणफणलंय का?” आणि आतून, “न्हाय बाय, च्या घिऊन जा,” असं यायचं. कुणीच आजारी नव्हतं. सात घरांचा चहा झाला, सगळा गुळाचा. ऊन कोवळं होतं, वाफ्यात पाणी खळखळत होतं आणि मी या वेळी सगळं बघत होते.

येताना बारामतीच्या स्टँडबाहेर तीच मिसळ मागवली. मालकानं ओळखलं. “आज तिकाट न्हाय ना?” म्हटलं, आणखी थोडी तर्री द्या.

पुण्याला येऊन आता पंधरा दिवस झाले. सोमवारी साहेबांना लेखी कळवलं आणि मुस्कानची नोंद परत सुरू केली, नावासकट. मी खोडलेल्या बाकीच्या सगळ्या नोंदी पुन्हा काढल्यात आणि एकेका आईला फोन लावतेय. वेळ लागतोय. यादी आता पूर्वीइतकी स्वच्छ दिसत नाही आणि मीटिंगमध्ये माझं नावही निघत नाही. एका बाजूला मीही एक वही सुरू केलीये. तिच्या शेवटच्या पानावर काय लिहिलंय, ते तुम्ही ओळखलंच असेल.

परवा नमुन्याचा निकाल आला. गोवर नाही. मी लगेच शबानाला फोन लावला. ती “या अल्ला” म्हणाली आणि रडली, मीही इकडं रडले. मग मागून किंकाळी ऐकू आली, आणि तिच्यापेक्षा वरचढ दुसरी.

“मुस्कानला आणलीया आईसकट,” शबाना म्हणाली. “दोघी हितंच हायत. ऐकू येत्यात न्हवं? आता खोडून दावा.”