आईच्या पोटाला कळलेली गाडी

मी गाडी घेतली तेव्हा कंपनीत सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, एका चार्जमध्ये किती जाते? आईनं गावाहून फोनवर विचारलं, "तिला वास येतो का?"

मी म्हटलं, "नाही. डिझेल नाही, पेट्रोल नाही, धूर नाही. कसला वास येणार?"

ती म्हणाली, "मग येते मी."

या तीन शब्दांसाठी मी दोन वर्षं तिच्या मागं लागले होते. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्या डोळ्याला माणूस आलंय एवढंच कळायचं, कोण ते आवाजावरून. ऑपरेशन शहरात करायचं ठरलं होतं, पण आई गाडीत बसायला तयार नव्हती. आमचं गाव अजिंठ्याच्या पुढं, घाट उतरल्यावर. तिथून संभाजीनगर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर, आणि तेवढ्या वाटेत तिला पाच-सहा वेळा उलटी होते. लिंबू हुंगून, ओवा चघळून, सीटवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर बसून, सगळं करून झालं होतं. मी बीएस्सी झाले तेव्हा पदवीदानाला ती एसटीनं निघाली होती. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. सिल्लोडला ती खाली उतरली ती परत बसलीच नाही. वडिलांनी तिला दुसऱ्या एसटीनं माघारी नेलं. मी तिच्यावर कधी रागावले नाही. मला तिनं शाळेत पाठवलं नसतं तर पदवीदानाचा प्रश्नच आला नसता.

गाडी मी शेंद्र्याच्या कंपनीत रोज जायला-यायला घेतली. छोटी इलेक्ट्रिक एसयूव्ही; पोट जमिनीपासून जरा उंच, म्हणून खड्ड्यांना बरी. पण घेताना मनात शंभर किलोमीटरची ती वाट होती, हे खोटं कशाला बोलू?

सोमवारी सकाळी ऑपरेशनची वेळ मिळाली आणि शनिवारी मी तिला आणायला गेले. मी पोचले तेव्हा बॅटरी निम्म्याच्या जरा खाली आली होती. घरी लावून ठेवू, रविवारपर्यंत भरेल, असा माझा हिशोब. चार्जर ओसरीतल्या प्लगला लावला तर त्यावर लाल दिवा लागला.

"काय म्हणती?" वडील म्हणाले. आम्ही त्यांना दादा म्हणतो.

"अर्थिंग नाही म्हणते."

"पंखा फिरतो, टीव्ही चालतो, फ्रीज चालतो. हिलाच कामून पाहिजे?" पण ते कुदळ घ्यायला निघालेही होते. विहिरीच्या मोटारीला त्यांनी स्वतः अर्थिंग केली होती. न्हाणीमागं त्यांनी कमरेइतका खड्डा घेतला, त्यात लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ, वरून पाणी. तिथून तार आणून प्लगच्या तिसऱ्या भोकाला जोडली. दिवा हिरवा झाला. दादांनी कुदळ टेकवून गाडीकडं असं बघितलं, जणू म्हशीनं पहिल्यांदा पेंड खाल्ली.

वीसेक मिनिटांनी लाइट गेली. रविवारी आम्ही निघालो तरी आली नव्हती.

आई पुढच्या सीटवर बसली. हातात लिंबू होतंच. "नाक पुसून बस," दादा बाहेरून म्हणाले, "वास नाय म्हणून वास हुडकत बसू नको."

"तुमच्या तंबाखूपरीस बरी हाये," आई म्हणाली.

बॅटरी अठ्ठेचाळीस टक्के. गाडीतला पडदा सांगत होता की पोचू, पण जेमतेम. घाट चढताना आकडा भराभरा उतरला आणि माझा चेहराही. आई मात्र ठीक होती. खिडकीतून वारा घेत होती, मधेच म्हणाली, "आवाजच नाय. झोक्यावर बसल्यावानी वाटतंय." मला वाटलं, जिंकले.

अजिंठ्याची वस्ती लागली आणि मी चार्ज वाचवायला सुरुवात केली. या गाडीत एक सोय आहे. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी स्वतःच कुणी मागून धरल्यासारखी हळू होते, आणि त्या ओढीतून थोडी वीज बॅटरीत परत जाते. तिच्या तीन पायऱ्या आहेत, आणि ती बंदही ठेवता येते. मी तिसरी, सगळ्यांत जोराची लावली. ट्रॅक्टर आला, पाय उचल. गतिरोधक आला, पाय उचल. परत जाणारी वीज पडद्यावर दिसायची आणि मला फार हुशार झाल्यासारखं वाटायचं.

आईचं बोलणं थांबलं होतं ते माझ्या उशिरा लक्षात आलं. पाहिलं तर ओठ पांढरे. मी गाडी कडेला घेतली आणि ती दार उघडून कडुलिंबाच्या झाडाखाली वाकली.

तिची पाठ चोळताना मला रडू येत होतं. वास नाही, धूर नाही, घरघर नाही. मग राहिलं काय? माझा सगळा भरवसा त्या एका वासावर होता. आणि आता सिल्लोड पुढं होतं. ती तिथं उतरली की परत बसणार नाही हे मला माहीत होतं.

तिनं चूळ भरली. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "घाटात नाय झालं."

"काय?"

"घाटात एवढी वळणं, तिथं नाय झालं. इथं रस्ता सरळ, तर झालं. तू गाडीला काय करती गं? पुढं जाती अन् माघारी वढती. नव्या बैलावानी हिसके खाती."

कंपनीच्या प्रयोगशाळेत आमचे साहेब म्हणतात, आधी बघा काय बदललं. घाटात माझा पाय सतत दाबलेला होता. इथं मी तो सारखा उचलत होते. आजवर एसटीत, जीपमध्ये तिला होतं ते डिझेलनं की हिसक्यांनी, हे कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही तिला फक्त लिंबू देत आलो.

"आई, पाच मिनिटं बसशील? मला एक बघायचंय."

"बघ. पण हळू."

पुढचा रस्ता मोकळा होता. मी बटण दाबून पायऱ्या बदलत गेले, न सांगता. पडदा तिला दिसत नव्हताच. दर वेळी पाय उचलला की विचारायचं, "आता?"

"आता लई वढली."

"आता?"

"थोडी."

"आणि आता?"

"आता सोडली तिला. आता चालू दे." चार वेळा विचारलं, चारही वेळा बरोबर. पाचव्या वेळी मी मुद्दाम काहीच बदललं नाही, तर ती म्हणाली, "गंमत करती व्हय माझी?" गाडीच्या पुस्तकात तीन पानांत लिहिलेलं तिच्या पोटाला तीन झटक्यांत कळलं होतं. मला आणखी विचारायचं होतं, उजवीकडं वळताना काय होतं, मागच्या सीटवर काय होईल. "माझं ऑपरेशन डोळ्याचं हाये," ती म्हणाली, "पोटाचं नाय. चल."

पण ओढ बंद ठेवली तर परत मिळणारी वीज गेली, आणि चार्ज आधीच जेमतेम. मी तिला तसं सांगितलं. पोटाचं बघितलं तर गाडी वाटेत बंद पडेल, गाडीचं बघितलं तर तुला त्रास.

"मग हळू चल की. कोण लागलंय मागं?"

मला हे सुचलं नव्हतं. शहरात नोकरी करून मला वेग गृहीत धरायची सवय लागलीय. एसी बंद केला, काचा खाली, ताशी चाळीस-पंचेचाळीस. समोरचं लांबून बघायचं आणि पाय अलगद सोडायचा. दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली आमच्या पुढं गेल्या. उसाचा एक ट्रक पुढं गेला. सिल्लोडच्या अलीकडं एका टेम्पोवाल्यानं बरोबरीनं येऊन विचारलं, "ओ ताई, चार्जिंग संपली का?"

"आमची नाय संपली," आई खिडकीतून ओरडली, "तू तुझा धूर आवर आधी!"

सिल्लोड आलं. मी तिच्याकडं बघितलं नाही, आणि ती उतरते म्हणाली नाही.

फुलंब्रीच्या पुढं मी पडदा नीट वाचला. बॅटरी अजून नेईल ते किलोमीटर आणि उरलेला रस्ता यांतलं अंतर वाढलं होतं. हळू चालून वाचलेली वीज तिसऱ्या पायरीनं मिळवलेल्या विजेपेक्षा जास्त होती. मी आईला सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. शहराच्या अलीकडं चौका गावाच्या उतारावर तिची परवानगी काढून पहिली, सगळ्यांत हलकी पायरी लावली. "एवढी चालती," ती म्हणाली.

घरी पोचलो तेव्हा बॅटरीत नऊ टक्के होते आणि आई जिना स्वतः चढली. शहरात आल्यावर तिला आडवं व्हावं लागलं नाही, असं पहिल्यांदाच झालं. तिनं चहा मागितला.

सोमवारी ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर थेंबांची बाटली कशी वापरायची ते मला समजावत होते आणि मी लिहून घेत होते. कापसाखाली एक डोळा झाकलेली आई मधेच त्यांना म्हणाली, "दुसरा कधी?"

डॉक्टर म्हणाले, "घाई नाही आजी, महिनाभरानं बघू."

"महिन्यानं म्हैस व्यायची हाये," आई म्हणाली. "त्याच्या आधीची तारीख द्या. मी येते."