काहिलीतून काढलेला ग्रुप फोटो

आमच्या साडूंनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे विजेच्या उघड्या तारेनंही कुणाला दिले नसतील. वीज निदान एकदा झटका देऊन सोडते तरी. साडूंचा मंगळवार पेठेत फोटो स्टुडिओ होता आणि लग्नातले ग्रुप फोटो ही त्यांची खासियत. स्वयंपाकघरात रुसून बसलेली आत्या, पान सोडून उठायला तयार नसलेला मामा, सगळ्यांना ओढून आणून ते चौकटीत बसवत. "एक माणूस जरी ऱ्हायलं तर त्येला ग्रुप म्हणत न्हाईत," असं त्यांचं म्हणणं. मात्र स्वतःच्या घरातल्या एकाही ग्रुपमध्ये ते नव्हते, कारण कॅमेरा दुसऱ्याच्या हातात देणं त्यांच्या जिवावर येई. त्यांची लेक लहानपणापासून यावरून कुरकुरायची.

नव्वदनंतरच्या एका हिवाळ्यात त्यांनी मला सकाळी सकाळी कळंब्याच्या तलावावर बोलावलं. काठावर टेम्पोतून गुऱ्हाळातली काहील उतरत होती, उसाचा रस आटवायची, भलीथोरली. आमच्याकडे पुरातून माणसं काहिलीत बसवून काढतात हे खरं, पण ते जीव वाचवायला. साडूंना तिच्यात बसून बदकांचे फोटो काढायचे होते. मी गार पडलो. मला पोहता येत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "पवायचं कशाला? बसायचंय की नुस्तं." काहिलीला ना पुढं ना मागं. मी फळीनं पाणी मारलं की ती जागच्या जागी गरकन फिरे, त्यामुळं पहिल्या अख्ख्या रोलवर तलावाचा बांध, म्हशी आणि माझं पांढरंफटक तोंड एवढंच आलं.

तरी ते दर हिवाळ्यात जात राहिले आणि मीही गेलो, कारण साडूंना नाही म्हटलं की घरी थोरल्या बहिणीच्या बाजूनं माझी बायको भांडायला उभी. त्यांची लाडकी होती हळदीकुंकू बदकं. काळ्या चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकू, लग्नघरातल्या सुवासिनीच जणू. थवा माना पंखांत खुपसून निवांत असे. कडेचं एक बदक तेवढं मान ताठ करून पहारा देई आणि कधी आत मिसळत नसे. साडूंना ते सहन होईना. एकदा सगळं जुळून आलेलं असताना ते काहिलीत चक्क उभे राहिले आणि गरजले, "ओ पावणं, कडंचं, जरा आत सरका की." थवा आभाळात, साडू पाण्यात आणि मी काहिलीत एकटा गरगरतोय. छातीभर पाण्यात कॅमेरा डोक्यावर धरून साडू मलाच सांगत होते, "हालू नगा, घेतो तुमचा."

पुढं लेकीचं लग्न ठरलं. ती म्हणाली, "अण्णा, मला दागिना नगो. ग्रुपमदी माझ्या शेजारी तुमी पायजे." साडू व्हय म्हणाले, हाच मला मोठा धक्का. लग्नाच्या दिवशी त्यांनी सगळं नीट लावून कॅमेरा माझ्या हातात दिला आणि फेटा बांधून लेकीशेजारी उभे राहिले. तिनं त्यांचा दंड धरला. मी बटण दाबणार, तेवढ्यात त्यांची नजर कडेला गेली. नवरदेवाचा इचलकरंजीचा चुलता अर्धा बाहेर राहिला होता. "ओ पावणं, जरा आत सरका की," म्हणत साडू धावले आणि दचकून माझ्याकडून बटण दाबलं गेलं. रोल तिथंच संपला. दुसरा भरेपर्यंत पाठवणीची गाडी दारात आली आणि साडू मांडवामागं जाऊन डोळे पुसत बसले.

साडू आता नाहीत. परवा मुरगूडला त्यांच्या लेकीकडे गेलो तर समोरच्या भिंतीवर तोच फोटो. सगळे दाटीवाटीनं उभे, लेकीशेजारी माणूसभर रिकामी जागा, तिचा हात तसाच अधांतरी. कडेला चुलत्याला आत ढकलणारा एक पंजा तेवढा दिसतो. मी म्हटलं, "अगं, एवढे फोटो असताना हाच लावलास?"

ती म्हणाली, "बराबर आलाय की काका. आमचं अण्णा कुठं आत उभं ऱ्हाणारं?"